हिंगोलीकडील करंज

हिंगोली जिल्हा १९९९ सालीं परभणीपासून वेगळा झाला; परंतु औंढ्याचा नागनाथ व नामदेवांची नरसी यांमुळें ही भूमि वाचकांस पूर्वींपासूनच परिचित आहे. यात्रेस जाणाऱ्यानें त्या बाजूच्या ओढ्याकांठचे करंजही पाहावेत. करंजाचें तेल कडू, खाण्यास निरुपयोगी. म्हणून तें दिव्यास व खरजेस लावीत. याच तेलाची आम्लता कमी करून त्यांत मिथेनॉल व किंचित् कॉस्टिक सोडा घालून ऊन केलें असतां ग्लिसरीन तळीं बसतें. वर राहतें तें जैवडिझेल.

कल्पना नवी नव्हे. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनांत डिझेलचें यंत्र भुईमुगाच्या तेलावर चाललें होतें. प्रश्न आहे तो जमिनीचा. हिंगोलीच्या सोयाबीनपासूनही हें इंधन होईल. पण जो देश निम्म्याहून अधिक खाद्यतेल बाहेरून आणतो, त्यानें कढईंतलें तेल यंत्रास पाजावें काय? मोगली एरंडानेंही पाण्यावांचून पडीक रानांत अनेक ठिकाणीं निराशाच केली. २००९ च्या राष्ट्रीय धोरणानें २०१७ पर्यंत शेंकडा २० मिश्रणाचें ध्येय ठेविलें होतें. २०१८ च्या धोरणांत डिझेलापुरतें तें २०३० पर्यंत शेंकडा ५ वर आलें.

तेव्हां पिकाचें शेत पिकासच असावें. बांधावरचा करंज आणि तळणीचें उरलेलें तेल, एवढ्यावर जें साधेल तेंच खरें.