जेलला आणि जेलमध्ये

मराठी माणूस 'येरवड्याला' म्हणाला की ऐकणाऱ्याच्या ओठांवर हसू येतं. 'याला येरवड्याला पाठवा' म्हणजे वेड्यांच्या इस्पितळात, आणि 'तो सध्या येरवड्याला असतो' म्हणजे बहुतेक जेल. म्हणून आम्ही इथले लोक जपून 'येरवड्यात राहतो' म्हणतो. पुण्याला राहतो आणि पुण्यात राहतो यांत कुणी फरक करत नाही. येरवड्याच्या 'ला' आणि 'त' यांच्यामध्ये मात्र दगडी भिंत आहे. त्या भिंतीच्या अलीकडे बसून मी इतकी वर्षं मराठी कागदांचं इंग्रजी करत आले : पंचनामे, जामिनाचे अर्ज, मृत्युपत्रं, डिस्चार्ज कार्डं, परदेशी निघालेल्या मुलांचे दाखले.

डोळ्यांचं ऑपरेशन झालं तेव्हा हाताखाली एक मुलगी घेतली. ती कागद आधी कॉम्प्युटरला देते आणि तो जे इंग्रजी काढून देईल त्याचा प्रिंट माझ्यापुढे ठेवते. मी लाल पेन उघडून बसते. चुका असतात, नाही असं नाही, पण त्या नावांच्या, गट नंबरांच्या, चुलत आणि मावस यांच्या. प्रिपोझिशन बरोबर असतं. पुढच्या नामाआधी 'द' हवा की नको, तेही बरोबर असतं. हे मला लागलं.

पंचनाम्यात 'ताब्यात' शब्द आल्याशिवाय राहत नाही. चाकू आरोपीच्या ताब्यात मिळून आला. इंग्रजीत चाकू बाळगणारा माणूस 'इन पझेशन ऑफ' आणि माणसाकडचा चाकू 'इन द पझेशन ऑफ'. मधला 'द' इकडचा तिकडे झाला तर चाकूच्याच ताब्यात आरोपी सापडतो. दवाखान्याच्या कागदांत नर्स पेशंटच्या 'इन चार्ज' असते, पेशंट नर्सच्या 'इन द चार्ज' असतो. कोर्टाच्या आवारात टेबल टाकून बसलेले आमचे व्यवसायबंधू दोन्हीकडे 'द' ठोकून मोकळे होतात, शिक्का मारतात आणि माझ्यापेक्षा जास्त कमावतात. मी हा 'द' कधी सोडला नाही. एक वकील मला म्हणाले होते की मॅडम, तुमचा कागद 'द'वरून ओळखू येतो. हे वाक्य मी किती जणांना ऐकवलंय ते विचारू नका, नवऱ्याला तर ते पाठच आहे. आता तो 'द' मशीन लावतं, तेही फुकट.

जेलच्या कागदांत 'द'ला फाटकातच अडवतात. इन कस्टडी, ऑन रिमांड, ऑन बेल, ऑन पॅरोल, अंडर ट्रायल, ॲट लार्ज. एकातही 'द' नाही. यांतलं नाम जागा दाखवत नाही, माणसाची गत दाखवतं. 'इन जेल'ही तसंच. 'इन द जेल' म्हटलं की आधी इमारत दिसते, मग माणूस. 'इन ऑफिस' म्हणजे मंत्री सत्तेवर आहेत, 'इन द ऑफिस' म्हणजे साहेब जागेवर आहेत, भेटतील.

आमच्या पिढीने हे सगळं रेन आणि मार्टिनच्या व्याकरणात वाचलं. त्यातला रेन म्हणजे 'बो जेस्त' ही फ्रेंच फॉरिन लीजनवरची कादंबरी लिहिणारा. तो मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात नोकरीला होता, त्यामुळे आपली पोरं कुठे अडखळतात हे त्याला जवळून माहीत असणार. नियम असा की शाळा, चर्च, इस्पितळ, तुरुंग यांच्या मूळ कामासाठी माणूस तिथे असेल तर 'द' गाळायचा. पोरगा 'ॲट स्कूल', त्याची तक्रार ऐकायला आलेला बाप 'ॲट द स्कूल'. इस्पितळाच्या बाबतीत अमेरिकन लोक हे मानत नाहीत, त्यांचा पेशंटही 'इन द हॉस्पिटल'. समोरच्या आयटी पार्कातली मुलं त्यांचंच ऐकतात.

तुरुंगाचं मूळ काम कोंडणं. मग ज्याची ड्यूटीच कोंडण्याची, तो कुठे असतो?

हा प्रश्न मला उगाच पडलेला नाही. इथल्या जेलच्या स्टाफ क्वार्टर्समधल्या एका मुलीचा परदेशी शिष्यवृत्तीचा अर्ज आला. घरच्या परिस्थितीबद्दल तिने लिहिलं होतं, वडील येरवडा जेलला आहेत. मशीनने केलं, 'माय फादर इज इन येरवडा जेल'. मला झालेला आनंद सांगण्यासारखा नाही. वडील तिथे शिपाई! मी हाताखालच्या मुलीला हाक मारली, खुर्ची ओढायला लावली आणि 'द'चं पुराण सुरू केलं. निम्म्यावर आल्यावर मला दिसलं की माझा लाडका 'द' इथे चालतच नाही. जेलचं नाव घेतलं की 'द'ला जागा उरत नाही, 'इन येरवडा जेल' कैद्यालाही लागू आणि शिपायालाही. मग 'ॲट' घालून पाहिला. 'ही इज ॲट येरवडा जेल', म्हणजे कुणाला तरी भेटायला गेलाय, संध्याकाळी येईल. 'वर्क्स ॲट' लिहिलं. पण काम तिथे कैदीही करतात. जुन्या सरकारी प्रकाशनांवर येरवडा प्रिझन प्रेसचं नाव असतं, आणि तिथे खिळे जुळवणारे हात कैद्यांचेच. 'ॲट द प्रेस' छापणारी माणसं स्वतः 'इन प्रिझन' होती. शेवटी 'ऑन द स्टाफ ऑफ'वर आले. त्यात निदान 'द' तरी होता.

मुलगी म्हणाली, "काकू, सरळ 'ही इज अ प्रिझन गार्ड' लिहिलं तर?"

प्रिपोझिशनच नाही. मला ते सुचलं नव्हतं, कारण मला ते सुचायला नको होतं.

मराठीत त्या अर्जातल्या मुलीच्या वडिलांची अडचण होतच नाही. विद्यार्थी शाळेत असतो, मास्तर शाळेवर असतात. 'भाऊ पोलिसात आहे' म्हटल्यावर त्याला कधी पकडलं असं कुणी विचारत नाही. 'जेलमध्ये आहे' आणि 'जेलला आहे' यांतला फरक तर क्वार्टर्समधलं शेंबडं पोरही जाणतं. इंग्रजी नाम प्रिपोझिशन आलं की 'द' टाकतं किंवा धरून ठेवतं, आपलं नाम प्रत्यय लागला की मुळात वाकतं. येरवडा होतो येरवड्या, मग 'त'. मोरो केशव दामल्यांचं शास्त्रीय मराठी व्याकरण १९११ साली आलं, त्यात या सामान्यरूपाचा काथ्याकूट वाचताना मला पंचनाम्यातला चाकूच आठवतो. दोन्ही भाषांत नातं सांगणारा शब्द शेजारी आला की नाम होतं तसं राहत नाही.

मराठीत हेही आता संपत आलंय. पाट्या बघा : 'पुणे मध्ये प्रथमच', 'येरवडा मध्ये फ्लॅट'. नाम ताठ उभं आणि 'मध्ये' चार बोटं लांब, इंग्रजी प्रिपोझिशनसारखा सुटा. शब्दयोगी अव्यय शब्दाला जोडूनच यायचं, नावातच ते आहे. मी एका इमारतीच्या जाहिरातवाल्याला फोन करून हे सांगितलं. तो म्हणाला, मॅडम, तुम्हाला टू बीएचके हवाय का? आमच्या भागात डेक्कन कॉलेज आहे. तिथे संस्कृतच्या महाकोशाचं काम १९४८ पासून चाललंय, एकेका शब्दाच्या चिठ्ठ्या लावत माणसं निवृत्त झाली. रिक्षावाल्याला 'डेक्कन' म्हटलं की तो नदीपलीकडे जिमखान्यावर नेतो, ते वेगळं. त्या कोशवाल्यांच्या शेजारात राहून एका 'द'साठी रात्र घालवायची मला लाज वाटत नाही.

हेवा मात्र वाटतो, आणि तो वालजी गोविंदजी देसायांचा. १९३० साली गांधीजी इथल्या जेलमध्ये असताना दर मंगळवारी साबरमतीच्या आश्रमाला व्रतांवर गुजरातीत पत्र लिहीत. गुजराती पुस्तकाचं नाव 'मंगलप्रभात'. देसायांच्या इंग्रजी भाषांतराचं नाव 'फ्रॉम येरवडा मंदिर'. जेलला मंदिर गांधीजीच म्हणत, पण मुखपृष्ठावर पहिलाच शब्द प्रिपोझिशन ठेवायचा म्हणजे भाषांतरकाराला छाती हवी. माणूस आत आहे आणि पत्र बाहेर येतंय, हे सगळं त्या 'फ्रॉम'मध्ये आलं. 'लेटर्स' वगैरे काही लिहावंच लागलं नाही. मी असते तर 'लेटर्स रिटन इन' केलं असतं आणि त्यावर खूश राहिले असते.

अलीकडेच वाटणीचा एक कागद आला. चार भावांपैकी एकाबद्दल मराठीत एवढंच होतं की तो गेली अनेक वर्षं येरवड्याला आहे. सोबत मनोरुग्णालयाचे कागद होते. त्यांवरून माणूस केव्हाच बरा झालेला, घरचं कुणी न्यायला आलेलं नाही. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा सांगतो की घरचे नेत नाहीत एवढ्याच कारणावरून कुणाला तिथे ठेवू नये. पण तो तिथे आहे. मशीनने 'इन हॉस्पिटल' दिलं होतं. रेनच्या नियमाने ते चूक, कारण इस्पितळाचं मूळ काम संपलंय. 'इन द हॉस्पिटल' म्हणजे पाहुणा किंवा लिफ्ट दुरुस्त करणारा. 'ॲट'ने तर तो उद्या परत येईल असं वाटतं. मुलीला विचारलं, या वेळी प्रिपोझिशन गाळून सांग. तिलाही सुचलं नाही, आणि खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. शेवटी मी 'लिव्ज ॲट द हॉस्पिटल' लिहिलं. भावांना ते झोंबणार हे मला दिसत होतं.

वकिलांनी ते खोडून वर पेनने 'इनमेट ऑफ' केलं आणि कागद सहीसाठी परत पाठवला. मी सही केली नाही. पानांचे पैसे घेतले.