चहाचा चोथा

आमच्या पिढीच्या घरांत चहाची पूड चमच्यानं मोजून डब्याबाहेर पडायची आणि मग सहजासहजी तिची सुटका नसायची. सकाळच्या चोथ्यात दुपारी चिमूटभर नवी पूड टाकली की झाला दुपारचा चहा. रंग यायचा; चवीचं कोण विचारतंय! मग तो चोथा गुलाबाला. छोले असले तर पुरचुंडीत बांधून कुकरात. मेंदी भिजवायची लोखंडी कढईत, तीही चहाच्याच पाण्यात. गाळायला आजोबांच्या जुन्या धोतराचं फडकं. ते पिळताना बोटं भाजायची, पण टाकायचं म्हणून काही नाही.

आणि ते चहाचं खोकं! वाण्याकडून आणलेलं प्लायवुडचं, कडांना पत्र्याच्या पट्ट्या ठोकलेलं. उभं केलं की पुस्तकांचं कपाट, आडवं करून वर चादर टाकली की टेबल, घर बदलताना त्यातच भांडीकुंडी. आतला चंदेरी कागद आम्हा पोरांचा: गणपतीचं मखर, गॅदरिंगमधले मुकुट आणि तलवारी, सगळं त्याचंच.

चहाचं झाड मूळचं चीनच्या नैऋत्येकडचं, युनानच्या बाजूचं. मोकळं सोडलं तर चांगलं उंच वाढतं. मळ्यात हात पोचावा म्हणून छाटून छाटून कमरेएवढं ठेवतात. ईस्ट इंडिया कंपनीनं १८४८ साली रॉबर्ट फॉर्च्यूनला चीनला धाडलं. चिनी वेष करून हिंडत त्यानं रोपं, बिया आणि कारागीरही हिमालयात पोचते केले. आसामच्या रानात तर चहा आधीपासून होताच. ब्रह्मदेशात ही पानं आंबवून चक्क खातात. जपानात ओला चोथा चटईवर पसरून केर काढत, म्हणजे धूळ उडत नाही. आजीच्या कानावर हे गेलं असतं तर गुलाबाचा वाटा बुडालाच म्हणायचा.

कान तुटलेला कपही कुणी फेकत नसे. तो मागीलदारी कोनाड्यात असायचा, कामाला येणाऱ्यांसाठी. त्यांनीच तो विसळून पालथा घालायचा. काटकसरीचे गोडवे गाताना हा कप आम्ही सोयीनं गाळतो.

आता गाळणी स्टीलची, आणि चोथा थेट ओल्या कचऱ्यात. तुमच्याकडे अजून गुलाबाची कुंडी असेल तर तिला घाला. मात्र आधी नीट धुऊन, नाहीतर साखरेला मुंग्या लागतात.