पहिला रॉड कुणाच्या हातासाठी?

आमच्या चंदीगडच्या घरात दिवाणाखाली एक रॉड पडून आहे. नऊ फुटी, चार तुकड्यांचा, छान हिरव्या नळीत ठेवलेला. दोन वर्षांत तो एकदाच नदीवर गेला. त्याची किंमत मी नवऱ्याला अजून खरी सांगितलेली नाही, तुम्हालाही सांगत नाही. पण तो का पडून राहिला ते सांगते, म्हणजे तुमच्या दिवाणाखाली दुसरा जाणार नाही.

माझे बाबा देवगडचे. नोकरी शाळेत केली, पण जीव खाडीवर. संध्याकाळी गरी घेऊन बसायचे आणि एखादी तांबोशी लागली की घरी येताना चालच बदलायची. आई गेली, मग वर्षभरात बाबांना हलकासा पक्षाघात झाला. वाचा गेली नाही, पाय सावरला, उजव्या हाताची पकड मात्र अर्धीच परत आली. आम्ही त्यांना इकडे घेऊन आलो. इथे ना खाडी, ना गजाली करायला कुणी. दिवसभर खिडकीत बसून हाताने रबरी चेंडू दाबायचे, फिजिओथेरपीवाल्याने दिलेला.

तेव्हा कुणीतरी हिमाचलच्या तीर्थन नदीचं नाव काढलं. चंदीगडहून मनालीच्या रस्त्याने निघायचं, औटपाशी वळायचं, बंजारवरून गुशैणीला पोहोचायचं. नदीत ट्राउट मासा. हा मूळचा आपला नव्हे, इंग्रजांनी १९०९ च्या सुमारास कुल्लूच्या नद्यांत आणून सोडला आणि थंड पाण्यात तो रुजला. तो धरायची खास पद्धत म्हणजे फ्लाय फिशिंग. मला वाटलं, बाबा आणि माझा अकरा वर्षांचा मुलगा, दोघांना एकदम रमवायची युक्ती सापडली.

मी एका दुकानात गेले. म्हटलं, घरातल्या सगळ्यांना चालेल असा रॉड द्या. विक्रेता म्हणाला, मोठा घ्या, लहान-मोठे सगळे मासे त्यात येतात. मुलांचे बूट आपण एक नंबर मोठे घेतो ना, तसं मला ते पटलं.

इथेच चुकले. का ते समजायला ही दोरीची गंमत आधी कळायला हवी. आपल्या नेहमीच्या गळाला शिसं बांधलेलं असतं, ते वजन दोरीला ओढत नेतं. फ्लाय म्हणजे पिसं आणि धागा गुंडाळून केलेली खोटी माशी. तिला वजनच नाही. पीस फेकून बघा, पायाशीच पडेल. म्हणून इथे दोरीच जाड आणि जड असते. ती मागे झटकायची, मागे पूर्ण सरळ होईपर्यंत थांबायचं आणि मग पुढे आणायची. रॉड वाकतो तो दोरीच्या वजनाने. त्यामुळे रॉडवर जो आकडा लिहिलेला असतो, चार, पाच, आठ, तो दोरीच्या वजनाचा असतो. पाच नंबरच्या दोरीचे पहिले तीस फूट साधारण नऊ ग्रॅम भरतात, आठ नंबरचे साडेतेरा. फरक ऐकायला किरकोळ वाटतो, पण शंभर वेळा झटकून बघा.

माझ्या गळ्यात पडला होता आठ नंबर, तोही ताठ, ज्याला फास्ट अ‍ॅक्शन म्हणतात. असा रॉड फक्त टोकाशी वाकतो आणि नवशिक्याची एकही चूक पोटात घालत नाही. समुद्रातल्या नाहीतर महसीरसारख्या मोठ्या माशांसाठी तो उत्तम. डोंगरातल्या फूटभर ट्राउटसाठी नव्हे.

नदीवर जाण्याआधी आम्ही सेक्टरमधल्या बागेत सराव केला. ही सवय मात्र चांगली, तुम्हीही करा. गवतावर, फ्लायच्या जागी लोकरीचा लाल गोंडा बांधून. वर विजेच्या तारा नाहीत ना हे आधी बघा, कारण कार्बनच्या रॉडमधून वीज वाहते. आणि घरात रॉड जोडायचाच असेल तर पंखा बंद करा. आमचं टोक बैठकीतच जाणार होतं, थोडक्यात वाचलं.

मुलाचं मनगट दहा मिनिटांत दुखायला लागलं. मग बाबांनी रॉड हातात घेतला. वर उचलला, टोक हळूहळू खाली आलं आणि गवतावर टेकलं. पुन्हा उचलला, पुन्हा तेच. हसून म्हणाले, "गो, हेका झेंडो लावूचो आसा काय?" आणि रॉड माझ्याकडे देऊन बाकावर जाऊन बसले. आम्ही सगळे हसलो. त्या रात्री त्यांनी रबरी चेंडू कपाटात ठेवला आणि नंतर बाहेर काढलाच नाही. त्यांना वाटलं, हात संपला. मलाही तेच वाटलं, याची लाज आज जास्त वाटते. हात होता तेवढाच होता, रॉड चुकीचा होता.

एप्रिलमध्ये गुशैणीला गेलो तेव्हा वाटाड्याने नळी उघडली आणि म्हणाला, "मॅडम, ये तो समुंदर का है." त्याने मुलाच्या हातात आपला जुना पाच नंबर दिला. मधोमध वाकणारा, मिडियम अ‍ॅक्शनचा. अर्ध्या तासात दोरी मागे कधी सरळ झाली हे मुलाला हातातच कळायला लागलं. बाबा मात्र काठावरच्या दगडावर पाठ करून बसले होते.

परत आल्यावर मी पुन्हा खरेदी केली, या वेळी विचारून. नवशिक्यांसाठी नऊ फुटी पाच नंबर, चार तुकड्यांचा. मुलं नऊ-दहा वर्षांच्या आतली असतील तर साडेसात-आठ फुटी चार नंबर बरा. फायबरग्लासचा मिळाला तर सोन्याहून पिवळं. तो थोडा जड आणि संथ असतो, पण आपटला तरी सहसा मोडत नाही. रीलवर फार पैसे घालू नका, या माशांसाठी ते जवळजवळ दोरी गुंडाळायचं रीळच. वाचलेले पैसे दोरीवर घाला. पाचच्या रॉडला पाचचीच, पाण्यावर तरंगणारी, पुढच्या टोकाकडे जड असलेली दोरी. स्वस्त दोरी चांगल्या रॉडलाही बावळट करते. मूठ हातात धरून बघा, जाड कॉर्कची मूठ सुजलेल्या, अधू बोटांना सोपी जाते. घरात कुणी डावखुरं असेल तर रीलची मूठ दुसऱ्या बाजूला बसवता येते का तेही विचारा, बहुतेक रीलना येते.

आणि एक तेनकारा घेतला. हा जपानी रॉड, तिथल्या डोंगरी ओढ्यांवरचा. अँटेनासारखा एकात एक मिटतो आणि पिशवीत मावतो. उघडला की दहा-बारा फूट, वजन शंभर ग्रॅमच्या आतबाहेर. रील नाही, दोरी थेट टोकाला बांधायची. लांब फेकता येत नाही, मोठा मासा लागला तर दोरी सोडताही येत नाही, पण लहान मुलांना पाच मिनिटांत जमतो. मुलासाठीच घेतला होता.

ऑक्टोबरमध्ये पुन्हा गेलो. पावसाळ्यात पाणी गढूळ आणि धोक्याचं असतं, आणि १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेर ट्राउट धरायला बंदी असते, म्हणून मधले आठवडे गाठायचे. मत्स्य विभागाचं लायसन्स आधी काढायचं. गळाचा उलटा काटा पकडीने दाबून टाकायचा, सगळ्यांनी टोपी आणि चष्मा घालायचा, आणि मुलांनी पाण्यात उतरायचं नाही. तीर्थनचं पाणी गुडघ्याएवढंही पाय ओढतं.

मुलगा पाच नंबर घेऊन पुढे गेला. तेनकारा दगडाला टेकवून ठेवला होता. मी चहा ओतत होते. वळून बघते तर बाबांनी तो उचललेला. त्यांच्यासाठी ती काही नवी वस्तू नव्हतीच. लांब काठी, टोकाला दोरी. त्यांनी ती डाव्या हातात धरली, खाली उजव्याचा नुसता आधार दिला आणि समोरच्या दगडामागच्या संथ पाण्यात फ्लाय अलगद टाकली. मी काही बोलले नाही. चहा गार झाला.

त्या दिवशी काही लागलं नाही. दुसऱ्या दिवशी वीतभर ट्राउट लागला. वाटाड्या म्हणाला, लहान आहे, हात ओले करून सोडून द्या. बाबा खवळले. "सोडूचो होतो तर धरलो कित्याक?" दहा मिनिटं वाद. शेवटी सोडला, पण रात्रीच्या जेवणापर्यंत ते वाटाड्याशी बोलले नाहीत.

चेंडू अजून कपाटातच आहे. पण फ्लायच्या गाठी आता बाबाच मारतात. दोरीचं एक टोक दातात, दुसरं उजव्या बोटांत, एका गाठीला कधी पाव तास. मध्ये मदत केलेली चालत नाही. मुलगा मात्र रुसलाय, त्याचा तेनकारा त्याला परत हवा आहे. बाबा म्हणतात, त्याला नवा घे. या महिन्यात दुसरा मागवायचा आहे, आणि तो आठ नंबर कुणी विकत घेतंय का तेही बघते आहे.