फुगवट्यातलं गाव

सोलापूर रस्त्याला एकटाच लागलो. सोबत कुणी असतं, तर भिगवणला मासे खाण्यातच दुपार गेली असती. एकट्याने गाडी चालवताना मात्र जुनी नावं डोक्यात येत राहतात.

हायवेलगतचं पळसदेव नवं. आजोबांचं गाव भीमेच्या काठाला होतं. 1980 साली उजनी धरण पूर्ण झालं. भिंत सोलापूर जिल्ह्यात, पण फुगवटा इकडे इंदापूर तालुक्यात चढला. त्यात गाव गेलं. पाणी ओसरलं की जुनं पळसनाथाचं मंदिर तेवढं वर येतं. मी गेलो तेव्हा शिखर उघडं होतं, लोक होडीतून जाऊन फोटो काढत होते. आमच्या वाड्याची जागा विचारली, तर होडीवाल्याने वल्ह्याने नुसतं पाणी दाखवलं.

आजीचं माहेर पैलतीराला, करमाळा तालुक्यात. धरणाआधी उन्हाळ्यात ती नदीच्या पात्रातून चालत माहेरी जायची. मला गाडीने केवढा वळसा पडला! तिकडे रस्त्याच्या दोन्ही अंगांना ऊस आणि केळी. इथली केळी आखातात जातात. आजीचे भाचे त्यावरच बंगला बांधून आहेत. त्यांच्यापुढे वाड्याबद्दल हळहळलो, तर म्हणाले, “पाणी नसतं तर आम्ही पण पुण्यालाच आलो असतो की!” यावर काय बोलणार?

ज्यांच्या घरी जुनं गाव पाहिलेलं माणूस अजून आहे, त्यांनी कुणाचं घर कुठे होतं, ते त्याच्याकडून कागदावर काढून घ्यावं. सातबाऱ्यावर ते मिळत नाही.