मालवणचा शिपाई, ‘ओ’ रक्त आणि पाच दिवसांचा प्लाझ्मा

(थ्रेड)

रणांगणावर रक्तगट तपासायला उसंत नसेल, तर जखमीला ‘ओ’ गटाच्या लाल पेशी द्याव्यात, असा लष्करी वैद्यकातला जुना नियम आहे. त्या पेशींवर ‘ए’ वा ‘बी’ प्रतिजन नसल्याने त्या जवळजवळ सर्वांना चालतात. या ‘जवळजवळ’मधून सुटलेल्या माणसांचा प्रश्न आपल्या किनारपट्टीशी निगडित आहे.

१९५२ साली डॉ. य. मो. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये मुंबईत आढळलेल्या एका अपूर्व रक्तगटाची नोंद केली. या माणसांच्या पेशींवर ‘ए’ नाही, ‘बी’ नाही आणि ज्याच्या पायावर ते दोन्ही उभे राहतात तो ‘एच’ही नाही. हाच ‘बॉम्बे’ रक्तगट. नाव शहराचे पडले. पण पुढे तपासलेल्या अनेक कुटुंबांची मुळे निघाली रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात. (१९८१पर्यंत हा एकच जिल्हा होता.) भारतात साधारण दहा हजारांत एक, तर युरोपात दहा लाखांत एक, असे याचे प्रमाण सांगितले जाते.

घातक गोष्ट अशी की नेहमीच्या प्राथमिक चाचणीत हा गट ‘ओ’ म्हणूनच दिसतो. माणसाचा प्लाझ्मा ‘ओ’ पेशींशी ताडून पाहिला, तरच खरा प्रकार उघड होतो. ती उलट तपासणी झाली नाही, तर शिपायाच्या ओळखबिल्ल्यावर ‘ओ’ कोरले जाते. त्याच्या रक्तात मात्र ‘एच’विरुद्धची प्रतिपिंडे असतात आणि ‘ओ’ पेशींवर ‘एच’ सर्वांत जास्त. जी पिशवी इतरांना तारते, तीच याचा जीव घेऊ शकते.

कोकणातून पलटणीत भरती होण्याची परंपरा जुनी. नाईक यशवंत घाडगे हे माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे. १० जुलै १९४४ रोजी इटलीत टायबरच्या खोऱ्यात ते धारातीर्थी पडले आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्या युद्धात दोस्त सैन्यांपाशी रक्ताबरोबरच वाळवलेला प्लाझ्माही होता. भुकटीत निर्जंतुक पाणी घालायचे आणि शिरेत सोडायचे. बर्फाची गरज नाही. ‘बॉम्बे’ गट तेव्हा कुणाला ठाऊक नव्हता. असा एखादा कोकणी जवान इटलीत जखमी झाला असता, तर ‘ओ’च्या बाटलीपेक्षा ही भुकटीच त्याला निर्धोक ठरली असती. कारण प्रतिपिंडांना चिकटायला लागणारे ‘ए’, ‘बी’, ‘एच’ यांपैकी काहीच त्याच्या पेशींवर नसते. प्लाझ्मा त्याला कोणत्याही गटाचा चालतो.

अनेक दात्यांचा प्लाझ्मा एकत्र करून ही भुकटी बनत असल्याने तिच्यातून कावीळ पसरली आणि कोरियाच्या युद्धानंतर अमेरिकी सैन्याने ती सोडली. पुढची कित्येक वर्षे जखमींना आधी सलाइन चढवण्याचा प्रघात राहिला. खाऱ्या पाण्याने रक्तदाब वर येतो, पण रक्त पातळ होऊन गोठेनासे होते. हे उमगायला फार उशीर लागला. २००७ साली बगदादच्या लष्करी रुग्णालयातल्या २४६ जखमींचा अभ्यास प्रसिद्ध झाला: लाल पेशींच्या मानाने प्लाझ्मा अगदी कमी मिळालेल्यांत ६५ टक्के दगावले, भरपूर मिळालेल्यांत १९ टक्के. (जे लवकर गेले त्यांना प्लाझ्मा मिळायला अवधीच नव्हता, हा आक्षेप रास्त आहे; तरी धोरण बदलले.)

अडचण वेळेची होती. गोठवलेला प्लाझ्मा उणे १८ अंश किंवा त्याहून थंड जागी वर्षभर टिकतो. पण कोमट पाण्यात तो वितळायला वीस-तीस मिनिटे लागतात आणि रक्तस्रावाने मरणारा तेवढा थांबत नाही. आधीच वितळवून ठेवला, तर चोवीस तासांत वापरा किंवा फेका. त्यातही सर्वांना चालणारा ‘एबी’ प्लाझ्मा दुर्मीळ, म्हणजे नासाडी ठरलेली. तोडगा साधा निघाला: वितळवलेली पिशवी १ ते ६ अंशांवर पाच दिवसांपर्यंत ठेवायची. या काळात पाचवा आणि आठवा हे गोठण-घटक बरेच उतरतात. फायब्रिनोजेन मात्र जवळपास टिकून राहते. वाहत्या जखमेपुढे हा सौदा परवडणारा आहे. २०१८ साली अमेरिकेत ५०१ रुग्णांवरचा प्रयोग प्रसिद्ध झाला. हवाई रुग्णवाहिकेतच वितळवलेला प्लाझ्मा दिल्यावर तीस दिवसांतले मृत्यू ३३ टक्क्यांवरून सुमारे २३ टक्क्यांवर आले.

मालवणच्या त्या शिपायासाठी ही शीतपेटीतली पिशवी म्हणजे गट न विचारता मिळणारी मदत. पण प्राणवायू वाहून नेणाऱ्या लाल पेशी तिच्यात नसतात. त्यांसाठी दाता ‘बॉम्बे’ गटाचाच हवा. हा गट आई आणि वडील दोघांकडून उतरावा लागतो; दोघेही नुसते वाहक असतील, तर प्रत्येक भावंडात तो येण्याची शक्यता चारांत एक. म्हणून शोध बहुधा घरापासून सुरू होतो. गावाकडचा भाऊ जुळला, तर त्याच्या पेशी शिपायाला मिळतात. त्याचा प्लाझ्मा मात्र, ‘एच’विरोधी असल्याने, छावणीतल्या दुसऱ्या कुणालाच देता येत नाही.