दिघ्याची डॉक्टरीण

‘फॅमिली डॉक्टर’ हा शब्द आपण इंग्रजांकडून घेतला खरा, पण त्याला आपल्याकडे जो अर्थ चिकटला तो अस्सल मराठी आहे. हा डॉक्टर नुसते औषध देत नाही. घरातल्या पोराने सायन्स घ्यावे की कॉमर्स, याचा निकाल त्याच्याकडे लागतो. साखरेचा विकार असलेल्या आजीने दिवाळीत किती करंज्या खाव्यात याचा कोटा तोच ठरवून देतो, आणि आजीने तो मोडला की सुना तक्रार घेऊन त्याच्याकडेच येतात. शल्यविशारदाला हा त्रास नाही. त्याच्या पुढ्यात येणारा माणूस गुंगीत असतो, त्यामुळे तो काही विचारत नाही. आमच्यापुढचा रोगी टक्क जागा असतो आणि औषध लिहून झाल्यावर हमखास विचारतो, ‘बाई, माझ्या जागी तुम्ही असतात तर काय केलं असतं?’ या एका प्रश्नामुळे डॉक्टरचा धर्म दवाखान्यात येतो. एरवी तो चपलांबरोबर बाहेर ठेवता आला असता.

माझा धर्म ख्रिस्ती, पंथ कॅथलिक, माहेर वसईचे. नाव ऐकून पुष्कळ जण पहिल्या भेटीत माझ्याशी इंग्रजीत बोलू लागतात. मग मी ‘जीभ दाखवा’ म्हटले की त्यांना धक्का बसतो. वसईच्या वाड्यांतून आमच्या प्रार्थना मराठीत होतात, भांडणेही मराठीतच होतात, हे अजून कित्येकांना सांगावे लागते.

दवाखाना दिघ्याला. ठाण्याहून बेलापूर रस्त्याला लागले आणि कळवा मागे पडले की डाव्या अंगाला पारसिकचा डोंगर दिसू लागतो. त्याच्या पायथ्याशी हे मूळचे आगरी गाव. १९६२ साली राज्याचे औद्योगिक विकास महामंडळ निघाले, पुढे या पट्ट्यात कारखाने उभे राहिले आणि कारखान्यांमागून माणसे आली: सातारा-सांगलीची, मराठवाड्याची, उत्तर प्रदेश-बिहारची. घरे डोंगर चढत गेली. वर इलठणपाड्याला रेल्वेने वाफेच्या इंजिनांसाठी बांधलेले जुने धरण आहे. इंजिने गेली, धरण राहिले. ठाणे-वाशी गाड्या २००४ सालापासून आमच्या समोरून धावत होत्या, पण थांबायच्या नाहीत. दिघा गाव स्थानक उघडायला जानेवारी २०२४ उजाडावा लागला. २०१५ साली उच्च न्यायालयाने इथल्या बेकायदा इमारती पाडण्याचा हुकूम दिला, तेव्हा रक्तदाबाच्या गोळ्या काय खपल्या म्हणता! त्या दिवसांत निम्म्या रोग्यांना मी औषधापेक्षा पाणीच जास्त पाजले. माणसे यायची, बसायची, घराचे कागद दाखवायची आणि जायची.

अशा ठिकाणी कॅथलिक राहून धंदा करण्यात अडचण ती काय, असे कुणी विचारील. खरे सांगायचे तर शंभरातल्या पंचाण्णव रोग्यांच्या बाबतीत काडीची अडचण नाही. खोकल्याला पंथ नसतो. उलट माझ्या धर्माने या कामात मला सोबत दिली आहे. आमच्या शुभवर्तमानकारांतला एक, संत लूक, वैद्य होता असे परंपरा मानते. नेपल्सचे डॉक्टर ज्युझेप्पे मोस्काती १९२७ साली वारले आणि १९८७ साली संतपदाला पोचले. त्यांच्या दवाखान्यात एक टोपी ठेवलेली असे, ज्याच्यापाशी असेल त्याने त्यात टाकावे, ज्याला लागेल त्याने घ्यावे, असे सांगतात. दिघ्यात मी टोपी ठेवली तर संध्याकाळी टोपीसुद्धा राहणार नाही, ही गोष्ट निराळी. आणि इतके लांब जायला कशाला हवे? आपल्या मुंबईत डॉक्टर अकासिओ व्हिएगस होते. मूळचे गोव्याचे, कॅथलिक. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवीत रोगी तपासताना, हा साधा ताप नव्हे, गाठीचा प्लेग आहे, हे त्यांनी ओळखले आणि बोलून दाखवले. निदान पडताळून पाहण्यात आले आणि ते खरे ठरले. व्यापाराच्या शहरात प्लेगचे नाव काढायला छाती लागते. पुढे १९०६ साली ते मुंबई महापालिकेचे अध्यक्ष झाले. धोबी तलावापाशी, मेट्रो सिनेमासमोर त्यांचा पुतळा आहे. त्याखालून जाणाऱ्या शेकड्यांतल्या एकालाही तो कुणाचा हे ठाऊक नसते. फॅमिली डॉक्टरचा पुतळा असाच असायचा.

अडचण उरलेल्या पाचांत आहे. आणि त्या पाचही बायका असतात.

आमच्या पंथाची शिकवण सगळ्यांना ऐकून माहीत असते, नीट माहीत थोड्यांना. गर्भपात नाही, नसबंदी नाही, संततिनियमनाची कृत्रिम साधने नाहीत. गोळीचा प्रश्न निघाला तेव्हा खुद्द पोपनी नेमलेल्या मंडळातल्या बहुसंख्यांचे मत १९६६ साली बदलाच्या बाजूने पडले होते. पोप सहावे पॉल यांनी ते मानले नाही आणि जुलै १९६८ मध्ये आपला निर्णय जाहीर केला. हेच पोप १९६४ च्या डिसेंबरात मुंबईला आले होते. माझी आजी वसईहून ओव्हल मैदानावर गेली होती आणि मरेपर्यंत तिला तो दिवस पुरला. मला मात्र कधी कधी वाटते, या शहराची गर्दी डोळ्यांनी पाहून गेलेल्या माणसाने चार वर्षांनी तो निर्णय लिहिला, म्हणजे त्याने तो हलक्या हाताने खासच लिहिला नसेल. सरकारने आपली कुटुंब नियोजनाची योजना १९५२ सालीच सुरू केली होती, आणि गर्भपाताचा कायदा १९७१ साली झाला. दोन्ही बाजू अशा पक्क्या झाल्यावर मी जन्मले आणि मधोमध दवाखाना थाटून बसले.

‘बाई, खाली करून द्या,’ असे म्हणत येणारी बाई काही पापाचा विचार करून आलेली नसते. ती हिशेब करून आलेली असते. एक अशीच आली. दोन मुले, तिसऱ्याचे दिवस राहिलेले, नवरा कंत्राटावर आणि कंत्राट संपलेले. मी तिला सांगितले, ‘मी हे करत नाही आणि कुठे जा असेही लिहून देत नाही.’

‘का? पाप लागतं?’

‘मला लागतं असं मी मानते. तुला मी काही म्हणत नाही.’

‘मग मी काय करू?’

या प्रश्नाला नियमांच्या पुस्तकात उत्तर नाही. मी दवाखान्याचे दार लावून घेतले, बाहेर रांग तशीच ठेवली आणि अर्धा तास तिच्यापाशी बसले. रक्तदाब पाहिला, पापणी ओढून पाहिली तर आत पांढरीफटक. बाळंतपण फुकट कुठे होते ते सांगितले, नवऱ्याच्या कामासाठी एका ओळखीच्या मुकादमाला फोन केला. महापालिकेचे रुग्णालय कुठे आहे हे तिला ठाऊक होतेच. ठाऊक नसते तरी कायदा काय म्हणतो हे मी लपवले नसते. ती तिथे गेली. महिन्याने परत माझ्याकडेच आली, चक्कर येते म्हणून. मी लोहाच्या गोळ्या दिल्या आणि थोरल्याचा खोकला कसा आहे ते विचारले. दोघींपैकी कुणीच दुसरे काही बोलले नाही.

यावर माझी एक डॉक्टर मैत्रीण म्हणते, हे हात झटकणे झाले. तीही कॅथलिक आहे, रविवारी माझ्याच बाकावर बसते, आणि गोळ्या बिनदिक्कत लिहून देते. १९३६ सालापर्यंत आमच्या जोगिणींना बाळंतपणे करायला चर्चची मनाई होती, मग ती उठली, तशीच हीही उठेल, असा तिचा युक्तिवाद. मी म्हणते, तो शिस्तीचा नियम होता, हा शिकवणीचा आहे. ती म्हणते, मरणाऱ्या बाळंतिणीला हा फरक कोण समजावणार? इथवर आले की आम्ही चहा मागवतो. दुसरीकडे एका वृद्ध धर्मगुरूंनी मला विचारले होते, ‘कायदा काय म्हणतो तेवढे तरी कशाला सांगतेस?’ मी म्हटले, ‘फादर, ती मला विश्वासाने विचारते. मी खोटे बोलले तर उद्या पोराला ताप आला तरी ती माझ्याकडे येणार नाही.’ ते गप्प झाले. पटले की नाही कळले नाही.

कायद्याचीही एक मेख आहे. भारतीय वैद्यक परिषदेने २००२ साली डॉक्टरांसाठी आचारनियम केले. त्यांत म्हटले आहे की वैद्यकीय कारण असताना केवळ धर्माच्या सबबीवर नसबंदी, संततिनियमन किंवा गर्भपात यांना नकार देऊ नये, मात्र ते काम करण्याइतकी आपली पात्रता नाही असे वाटत असेल तर गोष्ट वेगळी. आता गर्भपाताच्या कायद्याला त्या शाखेचा अनुभव किंवा प्रशिक्षण लागते, आणि ते मी घेतलेले नाही. म्हणजे मी कायद्याने सुरक्षित. पण पात्रता नाही म्हणून मी नकार देते असे सांगणे हे माझ्या विश्वासाला पळवाटेने घरी नेण्यासारखे आहे. म्हणून मी खरे कारण सांगते, आणि पहिल्याच भेटीत सांगते. याच पायी एका पॉलिक्लिनिकमधली संध्याकाळची नोकरी गेली. ‘गिऱ्हाईक परत जाता कामा नये’ हे तिथले धोरण होते. त्या पगारावर माझ्या मुलाच्या कॉलेजची फी चालत होती. ते वर्ष कठीण गेले.

काही बाबतींत मात्र आमचे लोकच धर्माला धर्मापेक्षा कडक करून ठेवतात. केरळची एक तरुण नर्स अंगावरून इतके जायचे की उभी राहू शकत नव्हती. विशेषज्ञाने लिहून दिलेली हॉर्मोनची गोळी, ती ‘तसली’ गोळी म्हणून घेत नव्हती. रोग बरा करण्यासाठी दिलेल्या औषधाला १९६८ च्या त्याच पत्रात पोपनी परवानगी दिली आहे, हे मी तिला सांगितले. तिने चॅपलमध्ये जाऊन विचारून यायला आठवडा घेतला. त्या आठवड्यात तिचे हिमोग्लोबिन आणखी उतरले.

औषधाच्या दुकानातून गर्भपाताच्या गोळ्यांचे पाकीट चिठ्ठीवाचून आणणाऱ्या बायका रक्तबंबाळ होऊन येतात. तिथे मला एका क्षणाचाही प्रश्न पडत नाही. सलाईन लावायचे, रिक्षा बोलवायची, आपण शेजारी बसायचे आणि मोठे रुग्णालय गाठायचे. एकदा नाताळच्या मध्यरात्रीच्या मिसेला निघाले होते, चांगले लुगडे नेसून. ते लुगडे त्या रात्रीनंतर नेसता आले नाही. मिसा चुकली, पण आजाऱ्याची सेवा करणाऱ्याला आमच्या नियमांत ती माफ आहे. आजीचा हा नियम फार आवडता होता, कारण नातवंडे आजारी पडली की तिला दर रविवारी माफी मिळे.

आणि नकार देऊन मोकळे होणे मला पटत नाही, म्हणून ऑस्ट्रेलियाच्या डॉक्टर बिलिंग्ज पती-पत्नींनी रूढ केलेली नैसर्गिक पद्धत मी शिकवते. बाईने आपल्या शरीराच्या खुणा रोज पाहायच्या आणि त्यावरून दिवस ओळखायचे. बायका हे चटकन शिकतात, निरक्षर बाईसुद्धा. अडते नवऱ्यापाशी. सात जणांच्या खोलीत, पगाराच्या रात्री पिऊन आलेल्या माणसाला ‘आज नको’ हे सांगणार कोण? म्हणून मी अट घातली, नवरा आला तरच शिकवीन. बहुतेक येत नाहीत. मग ती बाई महापालिकेच्या आरोग्य केंद्रात जाऊन तांबी बसवून घेते आणि मला येऊन सांगतेही. मी ऐकते. तिला दुसरा इलाज काय होता ते मला दिसते. मी ती बसवत नाही हेही तिला माहीत असते.

पण काही येतात. गोदामात हमाली करणारा एक आगरी गडी सुरळी केलेले कालनिर्णय काखेत मारून यायचा. त्यावर बायकोने पेन्सिलीने फुल्या केलेल्या. घरी त्याच्या आईला वाटायचे दुधाचे खाडे आहेत, आणि ती महिनाअखेर भय्याशी पैशांवरून भांडायची. तीन वर्षे त्यांचे ठीक चालले. मग गेल्या होळीनंतर सून उलट्या करू लागली. मुलगी झाली, सव्वातीन किलोची. बारशाला मला बोलावणे आले. म्हातारीला एव्हाना फुल्यांचा उलगडा झाला होता. तिने माझ्या हातावर पेढा ठेवला, भिंतीवरच्या कालनिर्णयाकडे पाहिले आणि म्हणाली, ‘कॅलेंडर बरोबर व्हता, बाय. पोरगाच माझा चुकला.’