पोह्यांच्या डब्यातले देव

ऑगस्ट २०१९. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी आत्या सांगलीच्या गावभागातून आमच्याकडे विश्रामबागेत आली. एका हातात कागदपत्रांची पिशवी, दुसऱ्या हातात पोह्यांचा स्टीलचा डबा. डब्यात जुन्या नऊवारीच्या तुकड्यांत गुंडाळलेले देव होते: अन्नपूर्णा, रांगता बाळकृष्ण, खंडोबाचा टाक. ओले पाय पुसायच्या आधी तिनं डबा फ्रिजवर ठेवला. विश्रामबाग उंचावर, इथं पुराचं पाणी येत नाही हे तिला ठाऊक होतं. तरीही म्हणाली, "असू देत वरच."

त्या आठवड्यात सांगलीत एकमेकांची खुशाली कुणी विचारत नव्हतं. "आयर्विनला किती?" एवढंच. १९२९ चा हा पूल म्हणजे आमची पूर मोजायची फूटपट्टी. ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका. २००५ ला पाणी ५३ च्या पुढे गेलं होतं आणि त्याच्या वर ते जाणारच नाही, असं आम्ही आपले धरून चाललो होतो. या वेळी ते ५७ च्याही वर गेलं. आत्या रोज आकडा विचारायची, मग फ्रिजसमोर हात जोडायची. तिच्या लेखी दोन्ही लागायचंच.

मला तिचा थोडा रागच यायचा. ज्याला आपण उचलून आणला, तो आपल्याला काय तारणार? एकदा बोलून गेलो. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "वाडीला काय करतात रे?"

नरसोबाच्या वाडीला पुरात कृष्णा देवळात शिरते, दत्ताच्या पादुकांवरून वाहत दक्षिण दारानं बाहेर पडते आणि त्या दाराशी स्नान करायला लोक गर्दी करतात. पाणी आणखी चढलं की पुजारी उत्सवमूर्ती उचलून वरच्या बाजूला नेतात. तिथं कुणाला त्यात विसंगती वाटत नाही. पूरग्रस्तांत देवही आलाच.

पण ८ तारखेला ब्रह्मनाळची बातमी आली. पुरातून माणसं बाहेर काढणारी बोट उलटली, १७ जण गेले. सुटकेच्या वाटेवर होती ती माणसं. वाडीचं उत्तर इथं पुरत नव्हतं, आणि आत्यानंही ते दिलं नाही.

तिन्हीसांजेला तिनं निरांजन लावलं, फ्रिजवर ठेवलं, आणि शुभंकरोती न म्हणताच वळली. आई बघत राहिली.

"आज बोलणार नाही त्याच्याशी," आत्या म्हणाली.

हा अबोला तीन दिवस चालला. दिवा मात्र रोज लागत होता. अबोला परक्याशी कुणी धरत नाही, हे मला तेव्हा कुठं उमगलं.

पाणी उतरल्यावर आम्ही तिच्या घरी गेलो. देव्हाऱ्यात घोटाभर गाळ, त्यात रुतलेली घंटा. मला वाटलं, आधी देव मांडेल. तिनं पदर खोचला नि खराटा घेतला. "आधी भिंती. चिखलात कुठं बसवू त्यांना?" देव गणपतीपर्यंत आमच्याकडेच राहिले.

जुलै २०२१ मध्ये पाणी पुन्हा चढू लागलं, तसा तोच डबा पुन्हा आमच्या दारात आला. या वेळी तिनं आत पुठ्ठ्याचे कप्पे करून, त्यांना कापूस लावून आणला होता.